उदक आणि पाणी

या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं एखाद्या पालकानें आपल्या घरच्या अनुभवाचे चार शब्द लिहून द्यावे, अशी शिक्षकमंडळींची सूचना आमच्या कन्येनें घरीं आणली, तेव्हां आम्हीं ती प्रथम हंसण्यावारी नेली. आम्ही उभयतां लेखक नव्हों. आणि ज्या एका विषयाचा आम्हांस खरा अनुभव आहे, तो वार्षिकांत शोभेल कीं नाहीं, अशीहि शंका होती. परंतु कन्या म्हणाली, "बाबूविषयींच लिहा. माझ्या मैत्रिणी घरीं येतात, त्याला पाहतात, आणि मग मला नाना प्रश्न विचारतात. मला नीट उत्तर देतां येत नाहीं." मुलीनें असें म्हटल्यावर लिहिणें भाग पडलें. तिच्या मैत्रिणींना आणि त्यांच्या आईबापांना उत्तर म्हणून हा लेख आहे.

बाबू हा आमचा धाकटा मुलगा. आज तो अकरा वर्षांचा आहे. कुकरची शिटी वाजली कीं तो दोन्ही कानांवर हात दाबून धरतो. भांड्याचें झांकण जमिनीवर भिरभिरूं लागलें कीं मात्र तें थांबेपर्यंत एकटक पाहत राहतो. हांक मारली तर पुष्कळदां वळून पाहत नाहीं, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे क्वचितच पाहतो. या वृत्तीस मराठींत ‘स्वमग्नता’ असें नांव पडलें आहे. ही साथ नव्हे, वेड नव्हे, आणि आईबापांच्या वागणुकीचें फळहि नव्हे. अशा मुलांच्या मेंदूची जडणघडण बालपणापासूनच निराळी असते. त्यामुळें बोलणें, दुसऱ्याचे भाव ओळखणें, ठरलेल्या क्रमांतला बदल सोसणें हें सारें त्यांस जड जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांतल्या सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस असा होता. तेव्हां ज्यांनीं असें मूल पाहिलें नसेल, त्यांच्याहि आळींत तें असण्याचा संभव आहे.

आमचें बिऱ्हाड पुण्यास आहे. मुलांचे वडील सातारा जिल्ह्यांतले, त्यांची भाषा मराठी; मुलांची आई गोव्यांतल्या फोंड्याची, तिची भाषा कोंकणी. लग्नानंतर कोणीं तसें ठरविलें नव्हतें, तरी घरांत भाषांची आपोआपच वांटणी झाली. वडील मुलांशीं मराठींत बोलत, आई कोंकणींत बोले, आणि थोरली कन्या दोघांनाहि ज्याच्या त्याच्या भाषेंत उत्तर देई. मुलांची आजी, म्हणजे आईची आई, फोंड्यास असते. गोव्यांतल्या अनेक जुन्या हिंदु घरांप्रमाणें तिच्या घरींहि पोथी वाचावयाची ती मराठींत. पण रागें भरणें आणि लाड करणें या दोन गोष्टी कोंकणींतच होत. ती सुटींत आली म्हणजे बाबूला मांडीवर घेऊन विचारी, "पुता, उदक जाय?" या शब्दांचा अर्थ पुढें येईलच.

बाबू तीन वर्षांचा झाला तरी त्याचे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. २०१७ सालीं आम्हीं त्याला एका नामांकित वैद्यांकडे नेलें. त्यांनीं मुलाला तपासून स्वमग्नतेचें निदान केलें, आणि तें बरोबरच होतें. परंतु उठतां उठतां त्यांनीं आणखी एक गोष्ट विचारली: घरांत भाषा किती? आम्हीं सांगितलें, दोन. ते म्हणाले, "मग एक बंद करा. मुलाचा गोंधळ होतो आहे. शाळा मराठी असेल, तर घरींहि मराठीच बोला."

हा सल्ला आम्हांस अगदीं शहाणपणाचा वाटला. ज्या लेंकराला एक ओझें उचलवत नाहीं, त्याच्या डोक्यावर दुसरें कां ठेवावें? त्याच दिवशीं आम्हीं घरांतल्या कोंकणीवर उदक सोडलें.

पुढचे अकरा महिने कसे गेले, तें लिहितांना आजहि मन कचरतें. मुलाच्या आईला मराठी येत नव्हती असें नाहीं. तिचें प्राथमिक शिक्षण मराठींतच झालेलें. पण शाळेंत शिकलेली भाषा निराळी, आणि मुलाला न्हाऊं घालतांना ओठांवर येणारी भाषा निराळी. बाबूशीं बोलण्यापूर्वीं ती आतां प्रत्येक वाक्य मनांत तपासूं लागली. आणि तपासून बोलणारें माणूस थोडेंच बोलतें. न्हाऊं घालणें मुकाट्यानें, भरविणें मुकाट्यानें, थोपटणें मुकाट्यानें. ज्या मुलाला बोलण्याची सर्वांहून अधिक गरज, त्याच्याच वांट्याचें बोलणें आम्हीं निम्म्यावर आणलें. आजीलाहि आम्हीं दूरध्वनीवर बजावून ठेवलें कीं, नातवाशीं मराठींतच बोलावें. ती बिचारी पुस्तकांतून वाचल्यासारखें विचारी, "बाळ, तूं कसा आहेस?" आणि लगेच म्हणे, "फोन आईला दे." पुढें पुढें तिचे फोन कमी झाले. कन्या तेव्हां सहा वर्षांची होती. तिच्या तोंडून भावाशीं बोलतांना कोंकणी शब्द निघाला कीं आम्ही तिच्यावर डोळे वटारीत असूं. आपल्या भावाला आपल्याच बोलण्यानें इजा होते, अशी समजूत आम्हीं त्या पोरीच्या मनांत भरविली.

२०१८ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट. बाबू एका बालवाडींत जात असे. तेथील बाई प्रेमळ होत्या. त्या रोज एका वहींत दोन ओळी लिहून पाठवीत. कांहीं दिवस ओळीनें एकच नोंद येत होती: "पाणी दिलें कीं रडतो." आम्हीं तर्क लढविले. घसा दुखत असेल, पेल्याचा रंग आवडत नसेल, पाण्याला वास येत असेल. एके दिवशीं मुलाची आई त्याला आणावयास नेहमींपेक्षां लवकर गेली आणि दाराशीं उभी राहिली. बाबूपुढें पेला ठेवलेला होता. त्यानें त्याकडे पाहून स्पष्ट शब्दांत म्हटलें, "उदक जाय." बाईंनीं तत्काळ पेला उचलून नेला, आणि बाबू कपाळावर हात मारून रडूं लागला.

मराठी वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. ‘जाय’ हा शब्द मराठी कानाला जाण्याचा वाटतो. तेव्हां बाईंना वाटलें, हा पाणी नको म्हणतो आहे, जाऊं दे म्हणतो आहे. पण कोंकणींत ‘जाय’ म्हणजे ‘पाहिजे’. "उदक जाय" म्हणजे "पाणी पाहिजे." दोन भाषा सख्ख्या बहिणींसारख्या असल्या, तरी बहिणींचें बोलणेंहि कधीं कधीं नेमकें उलट ऐकूं येतें. आमचा मुका समजलेला मुलगा रोज उठून दोन शब्दांचें शुद्ध वाक्य बोलत होता, पाणी मागत होता. आणि प्रत्येक वेळीं त्याच्यासमोरचें पाणी उचललें जात होतें. यांत बाईंचा दोष कांहीं नव्हता. मुलाजवळ कोंकणी आहे, हें आम्हींच त्यांस कधीं सांगितलें नव्हतें; आमच्या मतें ती बंद झाली होती.

मग हे शब्द अकरा महिने टिकले कसे? त्या रात्रीं कन्येनें रडत रडत कबुली दिली. आम्ही झोपलों म्हणजे ती भावाच्या कानाशीं लागून हळूच आजीसारखें बोलत असे. "मला वाटलें, हळू बोललें तर त्याला लागणार नाहीं," असें ती म्हणाली. त्यावर तिला काय उत्तर द्यावें, तें आम्हांस सुचलें नाहीं.

त्यानंतर आम्ही एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलों. त्यांनीं सर्व हकीगत शांतपणें ऐकून घेतली आणि मुलाच्या आईला एकच प्रश्न केला: "मुलगा रात्रीं तापानें फणफणला, तर तुमच्या तोंडून कोणती भाषा निघते?" आईला उत्तर देववेना. बाई म्हणाल्या, "मग तीच बोला. तीच त्याला हवी आहे." आम्हीं पहिल्या वैद्यांचा सल्ला त्यांच्या कानीं घातला. त्यांनीं कोणासहि नांवें ठेवलीं नाहींत. दोन भाषांनीं अशा मुलांची हानि होते असा समज फार पसरलेला आहे, पण त्याला शास्त्राचा आधार मिळालेला नाहीं, एवढेंच त्या म्हणाल्या, आणि कांहीं वाचावयास दिलें.

जें वाचलें, त्यांतील थोडें येथें देतों. अशा मुलांचें सविस्तर वर्णन लिओ कॅनर या वैद्यांनीं १९४३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलें; त्यांत अकरा मुलांची हकीगत आहे. मौज अशी कीं, हे कॅनर स्वतःच अनेक भाषांच्या प्रदेशांत, तेव्हांच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांत, जन्मले होते, आणि १९२४ सालीं अमेरिकेस येऊन परक्या इंग्रजींत त्यांनीं आपलें कार्य केलें. पुढें कित्येक वर्षें एक क्रूर समज रूढ झाला. आईच्या मायेंत ऊब नसते, म्हणून मूल असें होतें, असें मोठमोठे पंडित सांगूं लागले, आणि हजारों आयांनीं तें दूषण मुकाट्यानें सोसलें. १९६४ सालीं बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञांनीं ग्रंथ लिहून ही कल्पना खोडून काढली. ते स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. हें वाचतांना आम्हांस वाटलें, आईच्या मायेवरचा तो आरोप गेला खरा, पण पुढें कित्येक घरांत तो आईच्या भाषेवर येऊन बसला.

भाषेच्या प्रश्नाचाहि पुढें पद्धतशीर अभ्यास झाला. कॅनडांत हॅम्ब्ली व फॉम्बोन या संशोधकांनीं ७५ स्वमग्न मुलांची पाहणी करून २०१२ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका भाषेंत वाढणारीं मुलें आणि दोन भाषांत वाढणारीं मुलें यांची तुलना करतां, दोन भाषांमुळें बोलण्यास अधिक उशीर झाल्याचें त्यांस आढळलें नाहीं. त्याच सुमारास तेथेंच चिनी व इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या लहान मुलांचाहि अभ्यास झाला, आणि त्यांतूनहि दुसऱ्या भाषेनें हानि झाल्याचें दिसलें नाहीं. दुसरी भाषा हें औषध आहे असें कोणी म्हणत नाहीं. ती विष नव्हे, इतकेंच सिद्ध होतें. पण आमच्यासारख्या घराला तेवढें पुरेसें आहे.

बाबू आजीचें वाक्य जसेंच्या तसें बोलतो, याचाहि उलगडा झाला. अशीं मुलें ऐकलेलें वाक्य प्रतिध्वनीसारखें परत बोलतात. पूर्वीं तें निरर्थक समजून बंद पाडण्याचा यत्न होत असे. बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुचन यांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, त्या प्रतिध्वनींत मागणें असतें, होकार असतो, संवाद चालू ठेवण्याची धडपड असते. आजीनें विचारलेला प्रश्न हाच बाबूच्या तोंडीं विनंती झाला होता. प्रश्नाला जोडून पाणी येतें हें त्यानें ओळखलें होतें. आतां पाणी यावें म्हणून तो प्रश्नच उच्चारीत होता.

आणि आपल्या देशांत तर एका भाषेचें घर शोधूं गेल्यास मिळणेंहि सोपें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत सुमारें चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनीं आपणांस दोन वा अधिक भाषा येतात असें नोंदविलें आहे. उपचारकेंद्रांत आम्हांस तेलुगु, गुजराती, हिंदी बोलणारीं कुटुंबें भेटलीं. त्यांतील कित्येकांस "घरीं इंग्रजीच बोला" असें सांगण्यांत आलें होतें. एका आजोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. नातवाशीं बोलावयाचें नाहीं म्हणून ते नुसते बांकावर बसून राहत. त्या आजोबांना पाहिलें म्हणजे आम्हांस फोंड्याचा तो अबोल झालेला फोन आठवे.

या शाळेंतल्या मुलांनीं बायबलांतली बाबेलच्या बुरुजाची गोष्ट ऐकलेली असेल. तेथें भाषा निरनिराळ्या झाल्या आणि माणसें पांगलीं. पण त्याच ग्रंथांत पुढें पेंटेकॉस्टच्या दिवसाची कथा आहे. त्या दिवशीं देशोदेशींचे लोक एकच भाषा बोलूं लागले, असें तेथें सांगितलेलें नाहीं; प्रत्येकानें तो संदेश आपापल्या जन्मभाषेंत ऐकला, असें सांगितलें आहे. आम्हांस ही कथा फार धीर देऊन गेली.

मग आम्हीं काय केलें, तें थोडक्यांत सांगतों. कोणास उपयोग झाला तर होवो. आई पुन्हां कोंकणींत बोलूं लागली, वडील मराठींत. बालवाडीच्या बाईंना आम्हीं एक लहानशी वही करून दिली. तींत बाबूचा प्रत्येक शब्द, तो कोणत्या भाषेंतला आहे, आणि त्यानें त्याला काय म्हणावयाचें असतें, तें लिहिलें. पहिल्या पानावर होतें, "उदक जाय: पाणी द्यावें." चित्रांचे पुठ्ठे केले, पेल्याच्या चित्राखालीं ‘पाणी’ आणि ‘उदक’ असे दोन्ही शब्द लिहिले. त्याचें शब्दभांडार मोजतांना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजूं लागलों. एकच पारडें पाहिल्यानें तें आम्हांस फार हलकें वाटलें होतें.

यामुळें चमत्कार झाला असें कोणीं समजूं नये. बाबू आजहि थोडेंच बोलतो. कित्येक स्वमग्न मुलें मुळींच बोलत नाहींत. तीं चित्रांनीं किंवा यंत्राच्या साह्यानें आपलें मन सांगतात. परंतु न बोलणारें मूल ऐकत नाहीं असें नाहीं, आणि त्याला कोणत्या भाषेंत हांक मारली जाते, हें त्याच्या लेखीं क्षुल्लक नसतें.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें आजी पंधरा दिवसांसाठीं पुण्यास आली, आणि महामारीमुळें सर्वत्र टाळेबंदी झाल्यानें पांच महिने येथेंच अडकली. ते पांच महिने घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत कोंकणी नांदली. आजी रोज दुपारीं पाट मांडून हांक मारी, "पुता, यो," म्हणजे "बाळा, ये". आणि बाबू येऊन तिच्याजवळ बसे. ऑगस्टांत ती परत गेली. त्यानंतर सुमारें आठवड्यानें बाबूनें स्वतः होऊन दूरध्वनी आईच्या हातांत आणून दिला. आजीचा आवाज येतांच तो म्हणाला, "पुता, यो."

व्याकरणानें पाहिलें तर तें वाक्य चुकलेलें होतें. नातवानें आजीला ‘बाळा’ म्हणावें हें कोणत्याहि भाषेंत बसत नाहीं. पण आजीला तें क्षणांत समजलें. पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ती म्हणाली, "येता रे पुता, येता." प्रवासाची मुभा मिळतांच ती आली.

आतां आमच्या कन्येच्या मैत्रिणींसाठीं दोन शब्द. मुलींनो आणि मुलांनो, तुमच्या वर्गांतहि एखादा बाबू येईल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीं २०१६ सालीं झालेल्या कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेख आहे, आणि तुमच्याबरोबर शिकण्याचा त्याला अधिकार आहे. तो डोळ्यांला डोळा देणार नाहीं, एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणेल, गलबला झाला तर कान झांकून घेईल. त्याला हंसूं नका. तो काय म्हणतो तें कळलें नाहीं, तर तो कांहींच म्हणत नाहीं असें समजूं नका. त्याच्या घरीं कोणती भाषा बोलतात, तें विचारा. एखादा शब्द शिकून घ्या आणि त्या शब्दानें त्याला हांक मारून पाहा.

आणि ज्या घरांत असें मूल आहे, त्या घरच्या आईबापांस, आम्ही स्वतः जी चूक केली, तिच्या आधारें एवढीच विनंती आहे. उपचार अवश्य करा, तज्ज्ञांचें ऐका, शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञांस विचारा. पण आजीला गप्प बसवूं नका, आईला पुस्तकी भाषेंत बोलावयास लावूं नका. मुलाला थोडेच शब्द मिळणार असतील, तर ते मायेच्या माणसांच्या तोंडचे असावे.

आमच्या घरीं आज दोन माठ आहेत. मुलांनीं एकावर ‘पाणी’ आणि दुसऱ्यावर ‘उदक’ असें खडूनें लिहून ठेवलें आहे. दोहोंत एकाच नळाचें पाणी असतें. बाबूला तहान लागली म्हणजे तो कधीं या माठापाशीं उभा राहतो, कधीं त्या. आणि आतां त्याला पेला मिळतो.